माझ्या हातून झाले

मुलाखतीच्या खोलीत उच्चारले गेलेले एक वाक्य गेले कित्येक दिवस माझी पाठ सोडत नाही. मेजाच्या एका बाजूला आम्ही तिघे आणि दुसऱ्या बाजूला उमेदवार, अशी नेहमीची मांडणी होती. गृहस्थ चाळिशीच्या आतबाहेरचे. शर्टाच्या बाहीची इस्त्री इतकी कडक होती की हात दुमडल्यावर घडी मोडल्याचा आवाज यावा. प्लास्टिकची फाईल त्यांनी मांडीवर उभी धरली होती आणि तिच्यावर बोटांच्या घामाचे ठसे उमटत होते. आधीच्या नोकरीत त्यांच्याकडे मालाच्या साठ्याच्या नोंदी होत्या. कागदावरचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा यांचा मेळ तिथे कित्येक महिने बसत नव्हता. शेवटी कारण असे निघाले की एकाच वस्तूला चुकून दोन कोड क्रमांक दिले गेले होते. माल एका क्रमांकावर आत येत होता आणि दुसऱ्या क्रमांकावर बाहेर जात होता. हे सगळे त्यांनी अडखळत, पण समजेल अशा इंग्रजीत सांगितले, आणि सांगताना जवळजवळ प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘वी’ने केली. आमच्या प्रमुखांनी विचारले, ‘बट व्हॉट वॉज युवर रोल?’ ते थांबले, फाईल थोडी खाली झाली, आणि ते म्हणाले, ‘सर, इट गॉट डन फ्रॉम माय हँड.’

प्रमुखांना मराठी येत नाही. त्यांनी भुवया उंचावून विचारले, ‘यू मीन, यू डिड इट?’ चोरी कबूल करणारा माणूस ज्या आवाजात बोलेल त्या आवाजात उत्तर आले, ‘येस, सर.’ त्याआधी क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. समोरच्या पाटीवरच्या माझ्या आडनावावरून त्यांना कळले असावे की त्यांच्या इंग्रजी वाक्याच्या तळाशी जे दुसरे वाक्य होते, ते या खोलीत फक्त मला ऐकू आले आहे. मी नजर कागदाकडे वळवली. नंतर गुणपत्रकात ‘ओनरशिप’, म्हणजे कामाची जबाबदारी स्वतःकडे घेणे, या रकान्यात त्यांना पाचपैकी दोन गुण पडले. तिघांनीही दोनच दिले होते.

त्यांतला एक आकडा माझ्या अक्षरातला होता.

‘माझ्या हातून झाले.’ हे वाक्य मी घरी आल्यावर मोठ्याने उच्चारून पाहिले. कप हातून पडतो, चूक हातून घडते, आणि एखादे चांगले काम झाले तर तेही हातूनच घडते. बढाई नको म्हणून माणूस कामाच्या वाटेतून थोडा बाजूला होतो आणि हात तेवढा पुढे ठेवतो. काम कुणी केले याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही, पण बोलणाऱ्याने आपली पाठ आपण थोपटलेलीही नसते. इतके नाजूक काम करणारे हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले की त्याचा कणा मोडतो. ‘गॉट डन’मध्ये करणारा गायब होतो, ‘फ्रॉम’ हे अव्यय चुकीचे पडते, आणि उरतो तो एक सुटा हात. तो कुणाचा हेही ऐकणाऱ्याला खात्रीने कळत नाही.

माझे स्वतःचे इंग्रजी काही आभाळातून पडलेले नव्हते. पहिल्या मुलाखतीच्या आधी मी ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चे उत्तर एका वहीत लिहून काढले होते आणि ते आरशासमोर म्हणता म्हणता मला त्यातला शब्द न् शब्द पाठ झाला होता. प्रत्यक्ष मुलाखतीत मी ‘मायसेल्फ’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे कोणत्या वर्षी ‘पास्ड आउट’ झाले तेही सांगितले. समोर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी गंभीर चेहऱ्याने म्हटले, ‘आय होप यू हॅव रिकव्हर्ड.’ बाकीचे हसले म्हणून मीही हसले. त्या शब्दांचा रूढ इंग्रजी अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले, आणि तेव्हा एका बसमध्ये एकटी बसलेली असताना माझे कान तापले. त्या दिवशी आपण कशावर हसलो होतो हे इतक्या उशिरा समजणे, ही शरमेची एक वेगळीच जात आहे. ‘मायसेल्फ’चे मूळ मात्र मला अजूनही चुकीचे वाटत नाही. मराठीत ‘मी स्वतः’ म्हणताना जो थोडा भार देता येतो, तो देण्याची ती धडपड असते. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या सुरुवातीला एकटा उभा राहू शकत नाही, एवढेच.

अशा चुकांची यादी करायला बसले तर ती करमणूक ठरते, पण प्रत्येक चुकीच्या मागे एक सरळ विचार दिसतो. ‘मी सहा वर्षे इथे काम करते आहे’ हे वाक्य मनात असते म्हणून तोंडून ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स’ निघते. इंग्रजीला मात्र मुदत सांगताना ‘फॉर’ हवे असते आणि आरंभाचे वर्ष सांगताना ‘सिन्स’, शिवाय ते काम आजपर्यंत चालू आहे की संपले, हे ‘हॅव बीन वर्किंग’ आणि ‘वर्क्ड’ यांच्या फरकातून कळावे लागते. नुसते ‘आय वर्क्ड’ म्हटले की समोरचा समजतो, यांनी नोकरी सोडलेली आहे, आणि पुढचा प्रश्न ‘का सोडली’ हा येतो. बिचारा उमेदवार अजून तिथेच नोकरीला असतो आणि न दिलेल्या राजीनाम्याचे स्पष्टीकरण देऊ लागतो. ‘आय अॅम हॅविंग टेन इयर्स एक्स्पीरियन्स’ ऐकून नाक मुरडणारे मी पाहिले आहेत. अनुभव हा गाठीशी ‘असतो’, तो चालू क्रियेसारखा ‘असत आहे’ असे मराठीतही म्हणत नाहीत. पण इंग्रजी बोलताना ‘-इंग’ लावले की वाक्य अधिक नेटके होते, असा समज कुठून तरी आमच्या पिढीच्या अंगात भिनला होता.

ही व्याकरणाची अडचण अभ्यासाने सुटते. ‘मी’ची अडचण तशी सुटत नाही.

शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना फळ्यावर जी वाक्ये असत ती आठवून पाहिली तर गंमत दिसते. मी अहवाल लिहिला, मी यादी लिहिली, मी पत्र लिहिले. लिहिणारी मीच आहे, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते अहवालाचे, यादीचे आणि पत्राचे लिंग पाहून आपले रूप बदलते. पार पाडलेल्या कामाविषयी मराठीत बोलू लागलो की क्रियापद कामाच्या बाजूला जाऊन उभे राहते. कौशल्याचे बोलायचे तर ते आणखीच दूर जाते. मला पोहता येते, मला हिशेब जमतो, मला हे सुचले, मला असे वाटते: या सगळ्या वाक्यांत ती गोष्ट कुठून तरी चालत माझ्यापर्यंत येते आणि मी तिचा मुक्काम असते. नोकरीसुद्धा ‘लागते’. तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, तशीच नोकरी लागते. इंग्रजीत हीच माणसे ‘आय कॅन’, ‘आय थिंक’, ‘आय लँडेड अ जॉब’ म्हणतात आणि प्रत्येक वाक्याच्या दाराशी तो एका अक्षराचा ‘आय’ उभा असतो. वाक्यात कुठेही आला तरी तो मोठ्या लिपीतच लिहायचा असतो. या भाषेत वाढलेल्याला त्यात गर्व दिसत नसेल. तो त्याच्या दृष्टीने केवळ व्याकरणाचा भाग असेल. मराठीत वाढलेल्या माणसाला मात्र ओळीने पाच वाक्ये ‘आय’ने सुरू करताना, कुणीतरी मागून कान पिळेल असे वाटत राहते.

आणि ‘वी’चे काय? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीच्या एकाच ‘वी’त दोन्ही कोंबलेले असतात. मुलाखतीत ‘वी’ म्हणणाऱ्या उमेदवाराच्या मनातला ‘आम्ही’ हा आदराचा असतो. सोबत राबलेल्या चार जणांची नावे सांगायला वेळ नाही, निदान त्यांना वाक्यातून हाकलू तरी नये, एवढी त्यामागची साधी नीती असते. समोरच्याला मात्र त्यात लपण्याची जागा दिसते. सिच्युएशन, टास्क, अॅक्शन, रिझल्ट या चार पायऱ्यांची जी ‘स्टार’ नावाची पद्धत मुलाखतीच्या तयारीत सर्रास शिकवली जाते, तिच्यातल्या तिसऱ्या पायरीवर तर बजावून सांगतात की इथे ‘वी’ नको, ‘आय’च हवा. सल्ला व्यवहारात बरोबर आहे, कारण नोकरी एकट्याला द्यायची असते. तरीही त्या तिसऱ्या पायरीवर पाऊल ठेवताना चार सहकाऱ्यांचे चेहरे मागे सोडावे लागतात, हे तिथे कुणी सांगत नाही.

शब्दांचे वजनही सीमा ओलांडताना बदलते. ‘वर्किंग नॉलेज’ हा इंग्रजीत सन्मानाने लिहिण्याचा शब्द आहे; त्याचे मराठी केले की ‘कामचलाऊ’ होते आणि कुणीही स्वतःच्या अर्जात ते लिहिणार नाही. उलट मराठीत एखादा पट्टीचा जाणकार ‘थोडेफार येते’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याने सावध व्हायचे असते. तेच ‘लिटल बिट’ म्हणून इंग्रजीत गेले की त्याचे नाव यादीतून कटते. ‘पॅशनेट’ या शब्दाशी माझे कधीच जमले नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोसणे, यातना भोगणे असा आहे, हे कळल्यावर तर नोंदवहीतल्या आकड्यांविषयी आपण ‘पॅशनेट’ असल्याचे सांगणारा प्रत्येक तरुण मला उगाच केविलवाणा वाटू लागला. ‘करिअर’ आणि ‘करिक्युलम व्हिटे’ या दोन्ही शब्दांत धावणे आहे: पहिला फ्रेंचमध्ये शर्यतीच्या वाटेसाठी होता, दुसऱ्याचा लॅटिन अर्थ आयुष्याची धाव असा होतो. धावून धावून माणूस ज्या खोलीत येऊन पोहोचतो तिथल्या शब्दांची मुळे मात्र मऊ आहेत. ‘मुलाखत’ अरबीतून आली आणि तिचा अर्थ भेट. ‘इंटरव्ह्यू’ फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ एकमेकांना पाहणे. ‘कँडिडेट’ म्हणजे मुळात पांढरी वस्त्रे ल्यालेला, कारण प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे आपला झगा खडूने पांढराशुभ्र करून लोकांसमोर जात. आपला ‘उमेदवार’ फारसीतला आहे आणि त्याच्यापाशी झगा नाही, फक्त उमेद आहे. त्या दिवशी समोर बसलेल्या गृहस्थांपाशी दोन्ही होते, इस्त्री केलेली बाही आणि उमेद. आम्ही त्यांना भेटलो आणि पाहिलेही, निदान शब्दकोशाच्या हिशेबाने.

‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न मुलाखतीत नेहमीच होता असेही नाही. 1921 साली थॉमस एडिसनने नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांना सोडवायला दिलेल्या प्रश्नांची यादी वर्तमानपत्रांत छापून आली आणि मोठा गदारोळ झाला. तिच्यात शंभराहून अधिक प्रश्न होते, आणि फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागून आहेत, अशा धर्तीचे होते. ते प्रश्न जाचक होते यात वाद नाही, पण त्यांना उत्तरे होती. फ्रान्सचे शेजारी सांगताना कुणाला संकोच वाटण्याचे कारण नव्हते. आपल्यातली सर्वांत मोठी उणीव कोणती, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, असल्या प्रश्नांना खरी उत्तरे दिली तर नोकरी मिळत नाही आणि खोटी दिली तर ती घोकलेली वाटतात. ‘आय अॅम अ परफेक्शनिस्ट’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याआधीचा श्वास ऐकूनच मला ते ओळखता येते.

भाचीची पहिली मुलाखत ठरली तेव्हा ती तयारीसाठी माझ्याकडे आली. तिच्या मोबाईलमध्ये भारदस्त क्रियापदांची एक यादी होती: लेड, ड्रोव्ह, स्पिअरहेडेड. भाल्याचे टोक होऊन महाविद्यालयातला प्रकल्प पुढे नेणारी भाची माझ्या डोळ्यांसमोर येईना. मी विचारले, ‘तू नेमकं काय केलंस?’ ती म्हणाली, ‘मावशी, खरं सांगू? मी फक्त सगळ्यांना फोन करकरून गोळा केलं. कोणी येतच नव्हतं.’ मी म्हटले, ‘मग कोऑर्डिनेटेड म्हण.’ तिने ते लिहून घेतले, आणि पेन तसेच धरून विचारले, ‘पण हे खोटं नाही ना?’ नाही, असे मी सांगितले, आणि सांगताना मला वाटले की हा प्रश्न विचारणारी मुलगी नोकरीला योग्य आहे. पण हा प्रश्न ती जिथे विचारेल तिथे तिला नोकरी मिळणार नाही. मग मी तिला एका जुन्या शिक्षिकेने मला दिलेली तीन वाक्ये दिली. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’, वेळ हवा असेल तर ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’, आणि वाक्य भलतीकडे गेले तर ‘लेट मी पुट इट अनदर वे.’ पहिली दोन बहुतेक जण शिकून येतात. तिसरे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि खरा आधार त्याचाच असतो, कारण ते वापरले की पडलेले वाक्य उचलून पुन्हा उभे करता येते आणि पडल्याची शरम निम्मी होते.

माझ्या मनातली ‘मी’ची तक्रार मी तिच्यापुढे मांडली तेव्हा तिने मला अनपेक्षितपणे निरुत्तर केले. ती म्हणाली, ‘मावशी, मला तर उलट बरं वाटतं. घरात मी केलं म्हटलं की लगेच सगळे म्हणतात, आली मोठी. इंग्रजीत तसं कोणी म्हणत नाही. आय डिड इट म्हटलं की संपलं.’ हे बोलताना ती जरा ताठ बसली होती. मला माझी ती वही आठवली आणि आरशातली मी आठवले. त्या पाठ केलेल्या उत्तरात अवघडलेपणा होता, पण तेवढी वाक्ये म्हणून होईपर्यंत मला मध्येच कुणी थांबवणार नव्हते, ही चोरटी चैनही तीत होती. बाईमाणसाच्या विनयाला घरोघरी जी दाद मिळते तिची किंमत कोण चुकवते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरी मी मराठी वाक्यांच्या नम्रतेवर एवढी भाळले होते की तिच्यात कोण कोण दबले असेल, हे पाहायचे राहून गेले होते. भाची गेल्यावर मला तिचा अभिमान वाटला आणि थोडे पोरकेही वाटले. त्या दोन्ही भावना अजून एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

नोकरीच्या अर्जांचा विषय निघाला की लिओनार्दो दा विंचीचे पत्र हटकून आठवते. साधारण 1482 च्या सुमारास त्याने इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी ते तयार केले. मला हे करता येते, माझ्याकडे त्याची युक्ती आहे, अशा धाटणीत तो हलक्या पुलांपासून वेढा घालण्याच्या यंत्रांपर्यंत एकेक गोष्ट क्रमांक टाकून सांगत जातो, आणि आपण चित्रकलेतही कुणाला हार जाणार नाही, हे अगदी शेवटाकडे येते. समोरच्याला युद्धाची गरज आहे हे ओळखून लिहिलेला इतका चोख अर्ज आजही क्वचित पाहायला मिळतो. त्यात ‘मी’चा यत्किंचितही संकोच नाही. मला मात्र त्या पत्राची दुसरीच एक गोष्ट आवडते. त्याचा जो मसुदा आज उपलब्ध आहे त्यातले अक्षर लिओनार्दोचे नाही. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचे आहे, असे अभ्यासक मानतात. एवढा सगळा ‘मी’ कागदावर उतरला तो कुणा अनाम माणसाच्या हातून. त्याला त्या पत्राबद्दल विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याचा मी उगाच विचार करते.

साठ्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांसाठी मी अलीकडे एका पाठकोऱ्या कागदावर इंग्रजी वाक्ये जुळवून पाहत होते. ‘आय डिड इट’ फार आखूड होते आणि त्यात महिनोन् महिने दोन कोड क्रमांकांच्या मागे लागलेला माणूस दिसत नाही. ‘आय फिक्स्ड इट’ ऐकले की हातात पाना दिसतो. ‘आय सॉर्टेड इट आउट’ जरा बरे, पण ते गुंता हसण्यावारी नेते. ‘आय ट्रेस्ड द एरर अँड करेक्टेड इट’ हे मुलाखतीत सर्वांत जास्त गुण मिळवणारे वाक्य ठरले असते; त्यात काय सापडले आणि काय केले हे दोन्ही आहे. तरी माझे पेन सगळ्यांत जास्त वेळ थांबले ते ‘आय टुक केअर ऑफ इट’पाशी. त्यात ‘आय’ आहे, पण तो कामाची काळजी घेऊन लगेच मागे सरतो. ‘हातून झाले’च्या सर्वांत जवळ जाणारे मला सापडलेले हेच एक. एवढे एक वाक्य त्यांना त्या वेळी हळूच सुचवले असते तर कुणाचे काही बिघडले नसते. ‘ही मीन्स ही टुक केअर ऑफ इट हिमसेल्फ’ असे मी प्रमुखांना सांगितले असते तरी चालले असते. मुलाखत घेणाऱ्याने उमेदवाराचा दुभाषी होऊ नये, असा नियम कुठे लिहिलेला मला आढळला नाही.

त्याऐवजी मी जे बोलले ते मला नीट आठवते, कारण समारोपाची जबाबदारी त्या दिवशी माझ्यावर होती. ते उठले, खुर्ची आवाज न करता मागे सारली, फाईल दोन्ही हातांत धरली आणि मी काहीतरी बोलेन म्हणून उभे राहिले. मी हसून म्हटले, ‘थँक यू. वी विल गेट बॅक टू यू.’ त्यांना ‘आय’ म्हणता येत नाही म्हणून ज्या कागदावर दोन गुण पडायचे होते, तो कागद तेव्हा माझ्या कोपराखाली होता.